रेबेल रेकॉर्ड्सच्या मागावर: व्हर्जिनियातली ब्लूग्रासची वाट

वॉशिंग्टनकडून निघणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते: ब्लूग्रासच्या, म्हणजे बँजो-फिडलवरच्या अमेरिकी डोंगरी संगीताच्या, तबकड्या काढणाऱ्या ‘रेबेल रेकॉर्ड्स’चा जुना स्टुडिओ तिकीट काढून बघू, अशा आशेने निघालात तर हात हलवत परत याल. 1960 च्या सुमारास डिक फ्रीलँडने शहराला खेटून असलेल्या माउंट रेनियर, मेरिलँड इथून ही कंपनी चालवायला घेतली. धंदा छोटा, बराचसा टपालावर चालणारा. तेव्हा तिचा इतिहास बघायचा तर तिच्या कलाकारांची गावं गाठायची. गाडी हवीच, बस-रेल्वेचा विचार सोडा.

सुरुवात अलेक्झांड्रियाच्या बर्चमिअर या संगीताच्या क्लबमध्ये केलीत तर उत्तम. जुन्या बर्चमिअरमध्ये ‘सेल्डम सीन’ हा ब्लूग्रास बँड दर गुरुवारी वाजवायचा. 1971 साली जमलेल्या या मंडळींत गायक जॉन स्टार्लिंग सर्जन, बँजोवाला बेन एल्ड्रिज गणिती, तर बासवाला टॉम ग्रे नॅशनल जिओग्राफिकमध्ये नकाशे करणारा. नोकरी सोडून गावोगाव फिरायची कुणाचीच तयारी नव्हती. असल्या बँडला मोठ्या कंपनीने दारात उभं केलं असतं का, मला शंका आहे. रेबेलने 1972 मध्ये त्यांची पहिली एलपी काढली.

तिथून फ्लॉइड साधारण पाच तास. शेवटचा टप्पा ब्लू रिज पार्कवेवरून घ्या, पण ताशी 45 मैलांची मर्यादा आहे आणि बर्फात रस्ता बंद होतो, म्हणून आधी चौकशी करा. न्यूयॉर्कच्या टपालखात्यात नोकरी केलेला, जुन्या 78 आरपीएम तबकड्यांच्या नादी लागलेला डेव्ह फ्रीमन 1974 मध्ये आपली ‘काउंटी’ ही रेकॉर्ड कंपनी आणि टपालाने रेकॉर्डी विकणारं ‘काउंटी सेल्स’ घेऊन या एका सिग्नलच्या गावात आला. पुढे 1980 च्या आसपास रेबेलही त्यानेच विकत घेतली. काउंटी सेल्स आता गावातल्या फ्लॉइड कंट्री स्टोअर या दुकानाच्या मालकांकडे आहे.

स्टोअरमधली शुक्रवारची मैफल चुकवू नका. साडेसहाला गॉस्पेलने, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांनी, सुरुवात होते आणि मग नाच. लोक घाईने नाचाच्या वेळेला येतात, तुम्ही तसं करू नका. गॉस्पेलच्या तासाला चार आवाज एकाच माइकभोवती दाटीने उभे राहतात. कुणी अर्धं पाऊल मागे सरलं की तेवढाच त्याचा आवाज खाली जातो. नंतर बुटांना पत्रे ठोकलेली आजोबा मंडळी लाकडी फरशी अशी वाजवतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दारू मिळत नाही. शाकाहारी असाल तर बीन्स मागवण्याआधी त्यात डुक्कर आहे का ते विचारा. या भागात बहुधा असतंच. बाहेर गोल करून वाजवत बसलेल्यांमध्ये न विचारता खुर्ची सरकवू नका.

क्लिंटवुडचा रस्ता तीनेक तासांचा आणि वळणावळणांचा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्यावी, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. इथे एका जुन्या घरात ब्लूग्रासचा गायक आणि बँजोवादक राल्फ स्टॅन्ली याचं संग्रहालय आहे. त्याच्यासोबत गाणारा भाऊ कार्टर 1966 मध्ये वारल्यावर राल्फने भावाविना बँड चालवला आणि 1971 मध्ये रेबेलकडे ‘क्राय फ्रॉम द क्रॉस’ ही गॉस्पेलची एलपी केली. तिच्यातलं ‘ब्राइट मॉर्निंग स्टार’ वाद्यांविना आहे. त्याच्या लहानपणच्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाद्यं नसतातच. एकाने ओळ सांगायची, सगळ्यांनी ती लांबवत ओढायची. दिंडीत अभंगाचा चरण उचलतात, जवळपास तसंच. ब्लूग्रास म्हणजे बँजोचा धडाका, एवढंच डोक्यात असेल तर ही एलपी वाटेत गाडीत लावा. माझ्या मते रेबेलचं सगळ्यात मोलाचं काम तेच.

ब्रिस्टलचं संग्रहालय 1927 च्या व्हिक्टर कंपनीच्या ध्वनिमुद्रणांबद्दल आहे. चांगलं आहे, पण ती मोठ्या कंपनीची गोष्ट. सोमवारी बंद असतं.

शुक्रवारी फ्लॉइड, शनिवारी दुपारी क्लिंटवुड आणि संध्याकाळी हिल्टन्सचं कार्टर फोल्ड हे संगीतघर, असा बेत जमतो. फोल्डला साडेसातला सुरू होतं, तिथेही दारू नाही. कंट्री गायक जॉनी कॅश 2003 मध्ये शेवटचं जाहीर गायला ते इथेच. रोख पैसे जवळ ठेवा, मुक्काम अ‍ॅबिंग्डन किंवा ब्रिस्टलला करा आणि क्लिंटवुडला निघण्याआधी फोन करून संग्रहालय उघडं असल्याची खात्री करून घ्या.