उंबऱ्यातले राजे

गुहागरकडच्या आमच्या घरी माजघराच्या उंबऱ्यात चार नाणी ठोकलेली आहेत: व्हिक्टोरिया राणी, पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज आणि शेवटी सिंह. उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणतात, तरी राणीचं नाक झिजून पार सपाट झालंय. सणासुदीला उंबऱ्याला हळदकुंकू वाहतात, ते पंचम जॉर्जच्याही कपाळी लागतं. त्याच्या हयातीत कोणी एवढं कौतुकाने लावलं नसेल.

सिंह 1950चा. देश स्वतंत्र झाला 1947 साली, पण नाण्यावरचा राजा त्यानंतर तीन वर्षं हलला नाही. प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली ती 15 ऑगस्ट 1950 रोजी. राजा जाणार हे नक्कीच होतं, प्रश्न होता त्याच्या जागी कोणाला बसवायचं. नोटांसाठी आधी गांधीजींच्या चित्राचे नमुने तयारही झाले होते, मग अशोकस्तंभाचे सिंह पक्के झाले. गांधीजींच्या नोटांची मालिका सुरू व्हायला 1996 उजाडलं.

मला विचाराल तर सिंह बसवले ते बरं झालं. घाना मार्च 1957मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या नाण्यांवर पंतप्रधान क्वामे एन्क्रुमांचा चेहरा आला. माणूस हयात, सत्तेवर, आणि खिशाखिशात. फेब्रुवारी 1966मध्ये ते परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली. वर्षभरात नवं चलन निघालं, त्यावर त्यांचा चेहरा नव्हता. सिंहाचं एक बरं असतं, तो दौऱ्यावर जात नाही.

चित्रावरून आमच्या गावात कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. तक्रार सुरू झाली ती 1 एप्रिल 1957ला, नये पैसे आले तेव्हा. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला 64. आता झाले 100. पावलीचे, म्हणजे चार आण्यांचे 25, अधेलीचे, म्हणजे आठ आण्यांचे 50, इथवर ठीक. पण आण्याचे सव्वासहा! सव्वा कोण देणार? म्हणून आण्याचे 6, दोन आण्यांचे 12 आणि तीन आण्यांचे एकदम 19. हा तक्ता आजोबांनी दुकानात तराजूच्या मागे चिकटवला होता. गिऱ्हाईकं त्यांच्याहून हुशार निघाली. रुपयाची सुपारी एकदम घेतली तर 100 पैसे, तीच आण्या-आण्याने घेतली तर 96. मासे विकून परतणाऱ्या बाया दिवसातून दोन-तीनदा डोकवायला लागल्या आणि दर खेपेला फक्त एका आण्याची तंबाखू. "स्वराज्य आलं ते कबूल, पण माझे चार पैसे कोणी खाल्ले?" हे आजोबांचं गाऱ्हाणं आमच्या घरात अजून सांगितलं जातं. नाण्यालाही आपली ओळख स्वतःच करून द्यावी लागत होती; त्याच्यावर लिहिलेलंच होतं, 'रुपये का सौवाँ भाग'. 'नया' हा शब्द गळायला 1964 साल आलं. दिल्लीतली भाषणं गावात किती पोचली कोण जाणे, पण दिल्लीने ठरवलेला हिशेब मात्र रोज संध्याकाळी तंबाखूपाशी उभा राहायचा. गावाला आपण एका मोठ्या देशात आहोत हे झेंड्याइतकंच त्या तक्त्यानेही शिकवलं असणार, थोड्या शिव्यांसकट.

मॉरिशसचं प्रकरण याहून नाजूक. कोकणातली माणसं एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांची पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात. देश 1968चा, चलन रुपयाच. 1998मध्ये नव्या नोटा आल्या, त्यांवर इंग्रजीखाली असलेली तमिळ हिंदीच्याही खाली गेली. तमिळ लोक खवळले आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

आपल्या नोटेच्या मागे 15 भाषांची उतरंड आहे, तरी भांडण नाही. कारण ती इंग्रजी ए-बी-सी-डीने लावली आहे: आसामी, बंगाली, गुजराती, कन्नड. राजाला नोटेवरून उतरवलं आणि रांग लावायला त्याचीच मुळाक्षरं घेतली, यात मला लबाडी नाही, शहाणपणच दिसतं. कोकणी सहावी, मराठी आठवी. हे एका मालवणी मित्राला दाखवलं, तर त्याने नोट उलटीसुलटी करून विचारलं, "गोंयकार आमच्या फुडे कित्याक?"