तुम्ही विचारलंत म्हणून: मोठे मोटरहोम विकून लहान का घेतले?

अमेरिकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेले, की चहाच्या रांगेत कोणीतरी हमखास विचारते, "इतकी प्रशस्त गाडी विकून ही एवढीशी व्हॅन का हो घेतलीत?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते: पेट्रोल परवडेनासे झाले असेल, किंवा वय झाले म्हणून हौस आटोपती घेतली असेल. खरे कारण वेगळे आहे आणि ते सांगायला चहाचा एक कप पुरत नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

निवृत्तीनंतर आम्ही घेतलेले मोटरहोम, म्हणजे आत राहते घर असलेली गाडी, 36 फुटी होते. ते क्लास ए प्रकारातले, म्हणजे बससारख्या सपाट तोंडाचे, फोर्डच्या एफ-53 चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बांधलेले आणि व्ही-10 इंजिनाचे होते. मुक्कामाला थांबल्यावर बटण दाबले, की त्याच्या दोन भिंती बाहेर सरकत आणि आतली बैठकीची खोली एखाद्या फ्लॅटसारखी मोकळी होई. मागे दार असलेली झोपायची खोली होती, कपडे धुण्याचे यंत्र होते आणि मुलगी नातवंडांसह आली तर सहा माणसे सावकाश जेवतील एवढी जागा होती. आताची गाडी क्लास बी, म्हणजे रॅम प्रोमास्टर व्हॅनच्या आतच घर बसवलेली, आणि 21 फुटांना एक इंच कमी आहे.

पेट्रोलचा हिशेब आधी सांगते. मोठी गाडी गॅलनला सात मैल जाई, लहान पंधरा जाते. आमचा प्रवास वर्षाला साधारण सात हजार मैलांचा, म्हणजे पूर्वी हजार गॅलन लागत तेथे आता पावणेपाचशेच्या आसपास लागतात. ही बचत खरी आहे. परंतु जुनी गाडी विकताना आम्हाला जो तोटा झाला, तो या बचतीतून भरून यायला पुष्कळ वर्षे जातील. निव्वळ पैसे वाचवण्यासाठी कोणी असा बदल करणार असेल, तर त्याने आहे तीच गाडी कमी मैल चालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठी गाडी राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही, हे कारणही मला अर्धेच पटते. ग्लेशिअरमधल्या 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या डोंगरातल्या भागावर 21 फुटांहून लांब वाहनाला मनाई आहे. झायनमधल्या 1930 साली खुल्या झालेल्या बोगद्याचे छत कमानीचे आहे आणि कडेला उंची कमी पडते, म्हणून आम्ही गेलो तेव्हा 15 डॉलर भरावे लागले, समोरची वाहतूक थांबवली गेली आणि आमची गाडी रस्त्याच्या मधोमध चालवून पलीकडे काढावी लागली. तरीही आमच्या मोटरहोमच्या मागे एक लहान मोटार जोडलेली असे, त्यामुळे घर कॅम्पग्राउंडवर ठेवून आम्ही त्या मोटारीने हवे तेथे जाऊ शकत होतो. अडचण होती ती जोडलेल्या अवस्थेत. चारही चाके जमिनीवर ठेवून ओढलेली मोटार मागे असेल, तर गाडी रिव्हर्स घेता येत नाही. एकदा चुकून एका बंद गल्लीत शिरलो आणि भर पावसात मोटार सुटी करून दोन्ही वाहने वेगवेगळी बाहेर काढण्यात पाऊण तास गेला.

मोठे मोटरहोम मी एकदाही चालवले नाही. बहुतेक राज्यांत एवढी गाडी साध्या परवान्यावर चालवता येते, त्यामुळे कायद्याची आडकाठी नव्हती. साडेआठ फूट रुंदीचे ते धूड आणि पुढच्या चाकांच्याही पुढे असलेली ड्रायव्हरची खुर्ची यांचा माझ्या मनाने धसका घेतला होता. यजमान आवडीने चालवत, मी नकाशा पाही, आणि सहा वर्षे आम्ही या वाटणीला सोय समजत राहिलो.

मग युटा राज्यात, टॉरी गावाजवळच्या कॅम्पग्राउंडवर, एका पहाटे यजमानांना इतकी घेरी आली, की त्यांना उशीवरून मान उचलता येईना. रिचफील्डचे रुग्णालय तेथून सुमारे 70 मैल दूर आहे. लहान मोटार होती म्हणून मी त्यांना घेऊन निघाले, आणि त्या पूर्ण वाटेवर माझ्या मनात त्यांच्या प्रकृतीच्या जोडीने एकच विचार होता, की आमचे घर मागे राहिले आहे आणि ते मला हलवता येत नाही. कानाच्या आतल्या भागाचा त्रास निघाला आणि जिवावरचे काही नव्हते. पण डॉक्टरांनी त्यांना काही आठवडे गाडी चालवायला मनाई केली. आमच्या जागेचे आरक्षण तिसऱ्या दिवशी संपत होते. शेजारच्या गाडीतल्या एका निवृत्त ट्रकचालकाने आमचे मोटरहोम दुसऱ्या जागेवर नेऊन लावले आणि पुढे ते घरी आणण्यासाठी आम्हाला पैसे देऊन माणूस बोलवावा लागला. त्या गृहस्थाच्या हातात किल्ली देताना मला जी लाज वाटली, ती मी अजून विसरलेले नाही. विकायचा निर्णय यजमानांनी बोलून दाखवला, पण मी तो तेव्हाच घेऊन टाकला होता.

या बदलात काय गमावले, हेही तुम्ही विचारायला हवे. नातवंडे आता मुक्कामाला येऊ शकत नाहीत, आणि हे दुःख कोणत्याही सोयीने भरून निघणारे नाही. मागे मोटार नसल्यामुळे दूध आणायचे असले, तरी अंथरूण आवरून, कपाटांना कड्या लावून सगळे घरच बाजारात न्यावे लागते. पूर्वी शौचालयाच्या मैल्याची टाकी दहा दिवस चाले, आता ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिकामी करावी लागते. स्वयंपाकाची तऱ्हा तर पूर्णच बदलली. बिछाना शेगडीपासून चार पावलांवर असल्याने लसणीच्या फोडणीचा वास उशांना लागतो आणि छतावरचा पंखा कितीही वेगाने फिरवला, तरी तो रात्रभर जात नाही. म्हणून फोडणी मी बाहेर घडीच्या टेबलावर, इंडक्शनच्या शेगडीवर करते. वारा फार असला तर त्या दिवशी मुगाची खिचडी आणि वरून तूप. पोळपाट सिंकवर झाकण टाकले तरच मावतो, त्यामुळे कणीक मळून, भांडी धुऊन मगच पोळ्या लाटायला घ्यायच्या, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. असा बदल करू पाहणाऱ्यांना मी एवढेच सुचवते, की आधी लहान गाडी आठवडाभर भाड्याने घ्या, आणि तीही पावसाळी हवेत, कारण उन्हात दार उघडे ठेवता येते आणि जागेची खरी परीक्षा होत नाही.

मागच्या वसंतात आम्ही पुन्हा युटात गेलो. ग्रीन रिव्हरपासून सलायनापर्यंत आय-70 महामार्गावर शंभराहून अधिक मैल ना पेट्रोल पंप आहे, ना खायची सोय. दोन्ही बाजूंना नुसते लाल-पिवळे कडे. टाकी भरून घेतली आणि तो सर्व पट्टा मी चालवला. पुढे रिचफील्डची पाटी आली तेव्हा यजमान शेजारच्या खुर्चीत गाढ झोपले होते. त्यांना उठवावे, असे क्षणभर वाटले. मग तशीच पुढे निघाले.