'का' असं कुणी विचारलंच नाही

परवा गच्चीवर शुभ्या सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्याला काय विचारतो, हा ब्रह्मचारी आहे." याआधीही म्हणालाय, मी पण हसून सोडून दिलंय. पण यावेळी नवीन पोरं बसली होती आणि त्यातला ओंकार हसला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

हसले त्याचं वाईट नाही वाटत, खरंच. वाईट याचं वाटतंय की इतकी वर्षं एका मजल्यावर राहतोय, एकमेकांच्या घरचे लाडू-चिवडा संपवलेत, रिझल्टच्या रात्री एकमेकांना धरून रडलोय, आणि यातल्या एकानेही मला कधी 'का?' असं विचारलं नाही. प्रत्येकाचं उत्तर आधीच ठरलेलं. अक्षयला वाटतं मला कुणी भेटलीच नाही (भेटली होती, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही). प्रत्याला वाटतं घरच्यांना घाबरतो. विकी तर म्हणतो थापा मारतोय. मी काहीतरी विचार करून ठरवलं असेल ही शक्यताच कुणाच्या मनात येत नाही.

ओंकार काल रात्री रूमवर आला. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलाय, अजून सगळ्यांना अहोजाहो करतो. बराच वेळ असाइनमेंटचं बोलला आणि मग हळूच, "दादा, तुम्ही खरंच पाळता का? ताकद वाढते का त्याने?" मोबाईलवर त्याने व्हिडिओ दाखवले, चेहऱ्यावर तेज येतं, बुद्धी तल्लख होते, वीर्याचा एक थेंब म्हणजे इतकं रक्त वगैरे. पोरगं घाबरलेलं होतं. झोपेत झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याला अशक्त वाटतं, जेवण जात नाही. मी त्याला सांगितलं की असं होणं नॉर्मल आहे, त्याने अंगातलं काही कमी होत नाही, आणि या भीतीला डॉक्टर लोकांत धात सिंड्रोम असं नावच आहे, डॉ. विग यांनी १९६० मध्ये दिलेलं, म्हणजे घाबरणारा तू पहिला नाहीस. दहावीला प्रजननाचा धडा त्याच्याही सरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडला होता. आमच्याही. तो जाताना बराच मोकळा दिसला, मला मात्र उगाच एकटं वाटायला लागलं, कारण ज्याने विचारलं त्यानेही 'का' विचारलंच नव्हतं, फायदा काय तेवढं विचारलं होतं.

आमचे आबा तालमीतले. लंगोटाचा पक्का असणं त्यांच्यासाठी खुराक, जोर-बैठका, वस्तादांना दिलेला शब्द, सगळं एकात एक होतं, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माझं ते नाही. मला कुठली कुस्ती मारायची नाहीये.

मध्यंतरी र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' वाचत होतो, जुने अंक नेटवर स्कॅन केलेले आहेत. ज्या कर्वे रोडवरून आपण रोज ये-जा करतो तो वडिलांच्या नावाचा, मुलाला मात्र संततिनियमनाच्या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागली, आणि तरी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते हे मासिक काढत राहिले. ब्रह्मचर्याचं कौतुक त्यांना अजिबात नव्हतं. माझ्याशी भांडलेच असते. पण त्यांनी आधी कारण विचारलं असतं आणि मग ते खोडून काढलं असतं, आणि मला ते कितीतरी जास्त आवडलं असतं.

कारण आहे माझ्याकडे. अक्षयच्या त्या वेळेला मेडिकलवरून प्रेग्नन्सी किट मीच आणली होती. तेव्हा तो माझ्या कॉटवर बसून थरथरत होता आणि त्याची मैत्रीण तिकडे पीजीवर एकटी, आणि दोघं एकमेकांचे फोन उचलत नव्हते. टेस्ट निगेटिव्ह आली. अक्षय लगेच पहिल्यासारखा झाला. ती कॅन्टीनला दिसली की अजूनही आमच्याकडे बघत नाही. अक्षय वाईट नाही, पण मला तेव्हा पक्कं कळलं की ज्या मुलीसोबत मी एवढा जवळ जाईन तिचा फोन मला कुठल्याही परिस्थितीत उचलता आला पाहिजे, आणि आज माझी ती तयारी नाही. एवढंच आहे. देव नाही, तेज नाही, भीतीही नाही.

मला जी भेटली होती तिलाही मी हे सांगितलं होतं, याच शब्दांत. ती म्हणाली, "म्हणजे तुला माझी खात्री नाही." तसं नव्हतं. असो.

आणि आईला हे कळलं तर ती खूश होईल, तेही नको वाटतं. ताईच्या रूममेटबद्दल आई जे बोलली होती ते मी ऐकलंय. माझ्या न करण्याचं कौतुक करून कुणा दुसऱ्याच्या मुलीला नावं ठेवली जाणार असतील तर मला ते कौतुक नको.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. शुभ्या आजही म्हणेल, उद्याही म्हणेल, डेंग्यूत माझ्या उशाशी रात्रभर बसणाराही तोच आहे. म्हणू दे. मी पण कुठे त्याला कधी विचारलं की तू का करतोस, तुला त्यातून काय मिळतं, नंतर बरं वाटतं का. या विषयावर आम्ही फक्त हसतो. रविवारी मेस बंद असते, दोघंच जेवायला बाहेर जाऊ तेव्हा माझं आधी सांगेन आणि मग त्याचं विचारेन. तो हमखास विचारणार, "मग कधीपर्यंत?" तारीख नाहीये माझ्याकडे. लग्नापर्यंतच असंही मी ठरवलेलं नाही. तयारी झाली असं वाटेल तोपर्यंत, असं सांगेन, आणि त्यावर तो जे काही बोलेल ते नीट ऐकून घेईन.