आमची वाटचाल : रेडिएटरच्या डागापासून होज पाइपपर्यंत

साताऱ्यात आमचं काम सुरू झालं ते रेडिएटरला डाग देण्यापासून, म्हणजे गळकी जागा सोल्डरनं सांधण्यापासून. तेव्हा रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. पुढे ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. प्लास्टिकला डाग बसत नाही. काम आपोआप पाइपांकडे वळलं. आज आम्ही मुख्यतः जुन्या गाड्यांचे होज (इंजिनाचं पाणी नेणारे रबरी पाइप), क्लिपा आणि लोखंडी वॉटर पाइप देतो. बरेच गाडीमालक पाइप घरीच बदलतात, आणि नीट केलं तर ते काम घरी उत्तम होतं.

खंबाटकी किंवा पसरणी घाटाच्या चढाला इंजिनावर भार जास्त, वेग कमी, वारा कमी. रेडिएटरच्या झाकणामुळे आत साधारण एक बारचा दाब धरलेला असतो. कुजलेला पाइप नेमका तिथंच फुटतो. पाइप बहुधा आतून कुजतो, तेही टोकापासून दोनेक इंचांत. म्हणून बाहेरून काळाभोर दिसला तरी गाडी गार असताना क्लिपेजवळ चिमटीत दाबून पाहा. करकर वाजला, खूप मऊ लागला किंवा दगडासारखा कडक झाला असेल, तर तो गेला. एका जागी फुगून चिकट झालेला पाइप म्हणजे त्यावर ऑइल गळतंय. आधी ती गळती थांबवा, नाहीतर नवा पाइपही तसाच होईल.

तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. जुनं कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) बादलीत काढा आणि बादली झाकून ठेवा. त्याची चव गोडसर असते, कुत्री पितात आणि मरतात.

चिकटलेला पाइप पिळून ओढलात तर रेडिएटरची प्लास्टिकची नळी मोडते. पाइप जायचाच आहे, तो ब्लेडनं उभा चिरा. मग खरं काम येतं, जे घाईत राहून जातं: लोखंडी नळीवरचा गंज आणि पांढरा क्षार १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढायचा, मग ४०० नंबरच्या पेपरनं नळी गुळगुळीत करायची. बोटाला खड्डे लागले तर नळीच बदला. त्यावर सिलिकॉन थापून, वर क्लिप आवळून गळती थोडे दिवस लपते, इतकंच.

नवा पाइप चढवताना ग्रीस लावू नका, रबर फुगतं. कुलंटचा हात पुरे. नळीच्या टोकाला उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे. गरजेपेक्षा जास्त आवळली की पट्टी रबरात रुतते. खालच्या पाइपात मूळची स्प्रिंग असेल तर नव्यातही हवीच, नाहीतर पंपाच्या ओढीनं पाइप चपटा होऊन गाडी तापते. वरचा, खालचा आणि हीटरचे दोन्ही पाइप एकदमच बदला, वयानं ते सारखेच असतात.

बोअरचं पाणी नको. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या; डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर पाणी घालू नका. बहुतेक जुन्या गाड्यांत हवा अशी निघते: इंजिन गार असतानाच झाकण काढून ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा आणि इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबून फॅन एकदा लागेपर्यंत पातळी भरत राहा, मग झाकण लावा. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर तेही बदला. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी बघा आणि प्रत्येक क्लिप हलकेच तपासा.