कसारा घाट, दुसरा गिअर आणि माझा ४७वा नंबर

आधीच क्लिअर करते, मी काही जिंकत बिंकत नाही. नाशिकच्या आसपास त्या छोट्या छोट्या डोंगरातल्या शर्यती होतात ना, साठ-सत्तर लोकं, गावातल्या शाळेचं पटांगण, सेफ्टी पिनने लावायचा कागदी नंबर, शेवटी पोहे आणि चहा, त्यात मी शेवटच्या वीसात असते. आणि त्या शेवटच्या वीसात जी चुरस चालते ती पुढच्या पाचात पण नसेल. पुढची पोरं आपल्याला दोनदाच दिसतात, एकदा स्टार्टला आणि एकदा आपण अजून चढतोय आणि ती खाली उड्या मारत येतायत तेव्हा. बायकांत पहिली येते ती पेठकडची एक कॉलेजची मुलगी, ती तर मला उताराला दिसलीच नाही, नुसता वारा लागला. त्या सगळ्या पट्ट्यातच काहीतरी आहे, कविता राऊत पण तिकडचीच ना, सावरपाड्याची, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ. माझा गट म्हणजे महिला ४० प्लस. पहिल्या शर्यतीत त्यात मी दुसरी आले. गटात दोघी होतो.

तर मी मूळची रस्त्यावर पळणारी. सहा वर्षं गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत आणि परत, रविवारी जरा लांब धरणाच्या बाजूला, हाफ मॅरेथॉन २ तास २० च्या आसपास. त्यामुळे मागच्या फेब्रुवारीत रामशेजच्या बाजूच्या टेकड्यांमध्ये "११ किमी" असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी मनात हिशोब मांडला, दीड तास, फार तर पावणेदोन, साडेनऊला घरी, दहाला मुलाचा क्लास. लागले २ तास ३१ मिनिटं. मुलाला शेजारच्या वहिनींनी सोडलं.

झालं काय की आपले डोंगर सरळ चढतच नाहीत. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, म्हणून तर डेक्कन ट्रॅप म्हणतात, ट्रॅप म्हणजे स्वीडिशमध्ये जिना, हे शाळेत भूगोलात पाठ केलं होतं पण पायांना कळलं ते त्या दिवशी. एक उभा टप्पा येतो, हात टेकवून चढायचं, मग एकदम सपाट पट्टा, तिथे वाटतं चला आता पळू, दोन मिनिटं पळता आणि श्वास जरा जागेवर येतोय तोवर पुढचा उभा टप्पा. लय म्हणून लागतच नाही. आणि फेब्रुवारीत सगळं वाळलेलं, पिवळं गवत, कातळावर मुरमाचे बारीक खडे पसरलेले. बॉलबेअरिंग समजा. पाय ठेवला की पाय त्याच्या मर्जीने जातो.

चढाला मी बरी होते. पहिल्या टप्प्याला पळायला गेले, धाप लागली, मग बघितलं तर आजूबाजूचे सगळे गुडघ्यांवर हात दाबून निवांत चालत होते आणि माझ्या बरोबरीनेच होते. उभ्या चढाला चालणं हे पळण्यापेक्षा स्वस्त पडतं, शरीराचं पेट्रोल कमी जातं, हे नंतर वाचलं. तेव्हा नुसती लाज वाटली होती. असो, चालत चालत मी दहा-बाराजणांना मागे टाकलं, त्यात एक काका होते, साठीच्या पुढचे, हाफ पँट, बनियनवर नंबर लावलेला, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. त्यांना ओव्हरटेक करताना मी "या काका हळूहळू" असं म्हणाले पण होते. देवा, का म्हणाले मी ते.

वर पोचलो, बोटावर शाई लावली (मतदानासारखी, वर जाऊन आल्याचा पुरावा) आणि उतार सुरू झाला. दोन मिनिटांत मागून आवाज, "ताई बाजूला, बाजूला, उतार आहे!" आणि ते कॅनव्हासचे बूट टकटकटकटक करत माझ्या शेजारून गेले ते थेट पोह्यांच्या टेबलावरच दिसले. उताराला मला एकूण चौदाजणांनी मागे टाकलं, मी मोजले.

खरा प्रॉब्लेम सोमवारी सकाळी. बेडवरून उठले तर मांड्या माझ्या नव्हत्याच. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्या आठवड्यात बंद, तिसरा मजला, आणि मी उलटी होऊन, रेलिंग धरून, एकेक पायरी मागे मागे उतरत होते तर खालच्या मजल्यावरच्या आजी विचारतात, "काही नवस आहे का गं?" मंगळवारी त्याहून जास्त दुखलं. मी म्हटलं हे काहीतरी फाटलंय नक्की. तर खरंच फाटतंच, अगदी बारीक बारीक. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी वजन पेलून धरत असतो, म्हणजे ब्रेक लावत असतो, आणि हे ताणलेल्या अवस्थेतलं काम त्याला जास्त इजा करतं. दुखणं पण लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत चढत जातं. त्यातली चांगली बातमी अशी की एकदा असं ठोकून निघालं की पुढच्या काही आठवड्यांत तेवढ्याच उताराला तेवढं दुखत नाही, स्नायू शिकतो. म्हणजे यावर औषध काय तर उतार.

त्या आठवड्यात पळता येत नव्हतं म्हणून नुसतं वाचत बसले. इंग्लंडच्या उत्तरेला याला फेल रनिंग म्हणतात. फेल म्हणजे नापास नाही, तिकडच्या बोलीत फेल म्हणजे डोंगर, जुन्या नॉर्स भाषेतला शब्द. (आमच्या ग्रुपवर मी "फेल रनर" असं स्टेटस ठेवलं तर तिघांनी "काय झालं गं, होतं असं" म्हणून धीर दिला.) तिथे शर्यतींना चक्क ग्रेड असतात, दर किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ असेल तर ए, २५ असेल तर बी, २० असेल तर सी. आमची ११ किलोमीटरला ५२० मीटर चढ, घड्याळाने दाखवलेला, म्हणजे सत्तेचाळीसच्या आसपास. थोडक्यात ए हुकली याचं मला आजही वाईट वाटतं. आणि तिथे बऱ्याच शर्यतींत रस्ता आखलेला नसतोच, चेकपॉइंट दिलेले असतात, मधे कसं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, नकाशा, होकायंत्र, शिटी, रेनकोट जवळ ठेवा. केसविक गावात गेस्ट हाऊस चालवणारा बॉब ग्रॅहॅम म्हणून एकजण होता, तो १९३२ मध्ये २४ तासांच्या आत ४२ शिखरं पळून आला, आणि आजही लोकं तोच फेरा त्याच्या नावाने करतात. नेस्मिथ म्हणून एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशोब पण सापडला, ५ किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशोबाने आमच्या शर्यतीला ३ तास ४ मिनिटं लागायला हवी होती. म्हणजे मी १८९२ सालच्या चालणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाने हरवलंय. कुणालातरी हरवलंय.

दुसरी शर्यत मार्चमध्ये, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, ऊन, धूळ, काका पुढे. पण त्यानंतर पोहे खाताना मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, काका तुम्ही उतरता कसे. काका एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेत, आयुष्य कसारा घाटात गेलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून उतरताय. घाटात ब्रेक दाबत बसलं की लायनर गरम होतात, वास सुटतो, आणि मग लागायच्या वेळी ब्रेक लागतच नाही. गाडी गिअरमध्ये उतरवायची. ज्या गिअरला घाट चढला त्याच गिअरला उतरायचा."

मी म्हटलं काका, पायाला गिअर कुठे असतो.

तर ते पोह्यांची प्लेट ठेवून उठले आणि शाळेच्या पटांगणातच दाखवायला लागले. पावलं छोटी, एकदम छोटी, आणि फास्ट. पाय पुढे फेकायचा नाही, अंगाच्या खाली टेकवायचा. मागे रेलायचं नाही, आपण घाबरून मागे रेलतो, मग टाच आधी टेकते, आणि टाच म्हणजे ब्रेक. हात बाजूला सोडायचे, तोल सांभाळतात. "आणि बॉनेटकडे काय बघायचंय? पुढच्या वळणाकडे बघा. बॉनेट कुठे जात नाही." म्हणजे आपल्या बुटांकडे बघू नका, तीन-चार पावलं पुढे बघा. पोहेवाला पण बघत उभा राहिला.

मग एप्रिल-मे-जून मी दर बुधवारी सकाळी पांडवलेणीला. तिथले लोकं वर जाताना पाच ठिकाणी थांबून सेल्फी काढतात आणि मी वर जाऊन लगेच खाली, परत वर, परत खाली, सहा-सात वेळा. त्रिरश्मी डोंगर म्हणतात त्याला, तिथे ३ नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, मुलाचं कौतुक कोरून ठेवलंय सगळं. मला ते आवडतं, आई ती आई. वॉचमन दादा पहिल्या आठवड्यात संशयाने बघायचे, तिसऱ्या आठवड्यापासून "ताई चार झाले, अजून दोन" असं मोजायला लागले. पायऱ्यांवर लय बसली, मग पायऱ्या सोडून म्हसरूळला चामर लेण्यांच्या मागच्या बाजूला, मातीच्या वाटेवर. दोनदा बसून घसरले, एकदा तळहात सोलला, एक पँट गेली.

अंजनेरीला पण गेले, पण तिथे नुसती चालायला. एका ग्रुपचं चाललं होतं तिथल्या पठारावर पावसाळ्यानंतर शर्यत घ्यायची, मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तसं बोलले, वाईटपणा घेतला. ज्या कंदीलपुष्पाला शास्त्रीय नावच अंजनेरीवरून मिळालंय, सेरोपेजिया अंजनेरिका, तसली झाडं त्या डोंगरावर आहेत, आणि शंभर लोकं ओव्हरटेक करायला वाट सोडून गवतात घुसणार. मीच घुसते, मला माहितीये ना. डोंगर भरपूर आहेत, पठार सोडा.

आता तिसरी शर्यत. जुलै, त्र्यंबककडचे डोंगर, ९ किलोमीटर. आदल्या दिवशी आयोजकांनी वाटेवर चुन्याने बाण आखले होते. जुलैमध्ये. त्र्यंबकला. रात्री जो पाऊस झाला त्यानंतर बाण सोडा, चुना पण दिसला नाही कुठे. पुढच्या पोरांना वाट पाठ होती ती गेली, मागे आम्ही चारजण, मी, काका, एक सातपूरचा नवीन मुलगा आणि एक डॉक्टर, एका सोंडेवर धुक्यात उभे, दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही. काका म्हणाले खाली डावीकडे पाण्याचा आवाज येतोय, ओढा आहे, ओढ्याच्या कडेने उतरू, ओढा गावातच जाणार. इथे मात्र मी अडले. म्हटलं काका, घाट तुमचा, पण सह्याद्रीत ओढ्याने उतरायचं नाही, पाणी कड्यावरून पण खाली जातं आणि आपल्याला कडा तिथे पोचल्यावरच कळतो. जरा वादावादी झाली. डॉक्टर माझ्या बाजूने, मुलगा थंडीने नुसता कुडकुडत होता. मी शिटी काढली (फेल रनिंगवाल्यांचं वाचून पाऊचमध्ये ठेवलेली) आणि वाजवत बसले. दहा-पंधरा मिनिटांनी धुक्यातून एक म्हैस आली, मग अजून तीन, आणि मागे खताच्या गोणीची खोळ घेतलेले एक बाबा. ते म्हणाले, "शिट्टी कशाला वाजवता, जनावरं बुजतात." वाट आमच्या मागे वीस पावलांवर होती. ओढ्याचं विचारलं तर हाताने नुसतं खाली पडल्याची खूण केली. काका काही बोलले नाहीत.

आणि मग उतार. चिखल, शेवाळलेला काळा कातळ, दोन्ही बाजूंना ओली कारवी, मधेमधे तिलाच धरून वळायचं. मी दुसरा गिअर टाकला. छोटी पावलं, अंगाखाली, पुढचं वळण, पुढचं वळण. कातळ आला की तिरका पाय ठेवायचा नाही, पूर्ण तळवा. मांड्या पेटल्या नाहीत, पहिल्यांदाच. काका मागे होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो टकटक आवाज माझ्या मागे होता, आणि पावसात तो टकटक पण नव्हता, पचपच होता. डॉक्टर कुठे राहिले कळलं नाही.

शेवटचे दोनशे मीटर शाळेचा रस्ता, सपाट, घोटाभर लाल पाणी. तिथे काकांनी गाठलं. आम्ही दोघं अक्षरशः खांद्याला खांदा लावून, तो ६३ वर्षांचा माणूस आणि मी ४१ ची, ४६व्या नंबरसाठी जीव तोडून पळतोय आणि शाळेच्या वऱ्हांड्यातून पोरं ओरडतायत "आज्जा, आज्जा!" माझ्या बाजूने एकजण नाही. पण टेबल मी आधी गाठलं. अर्धं पाऊल असेल, पण आधी. टायमिंगची चिप वगैरे नाही आपल्याकडे, एक मुलगा भिजलेल्या वहीत बॉलपेनने लिहीत होता, त्याचं लक्ष पोह्यांच्या पातेल्याकडे, त्याने मान वर करून विचारलं, "पहिलं कोण आलं?"

मला वाटलं काका म्हणतील ताई आल्या. तीन महिने शिकवलंय माणसाने, धुक्यात माझं ऐकलंय.

काका म्हणाले, "मी."

मला धाप एवढी लागली होती की तोंडातून शब्द फुटेना, आणि फुटला तोवर त्याने लिहून टाकलं होतं, ४६ काका, ४७ मी. नंतर पोहे शेजारीच बसून खाल्ले, त्यांनी मला त्यांच्यातला शेव पण दिला, पण विषय काढला नाही. मी पण नाही काढला. परवा त्यांचा फोन आला होता, पुढची शर्यत ऑक्टोबरमध्ये आहे, येणार ना, कॅनव्हासचे बूट आता फाटले म्हणाले, ते तुमचे खाली खिळ्यांसारखं रबर असलेले बूट मिळतात ते कितीला असतात गं, कुठे मिळतात. मी म्हटलं बघते हं काका, विचारून सांगते.

माझे गुरुवारीच आलेत. अजून सांगितलेलं नाहीये.