आमची वाटचाल : तरुणांचा वेगळा वॉर्ड

आम्ही हे पुनर्वसन केंद्र सुरू केलं तेव्हा मेंदूला मार लागलेल्या तरुणांना आयसीयूतून सुटल्यावर जायला जागाच नसायची. घरच्यांना सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) झेपायची नाही. मग पंचविशीतला मुलगा वृद्धांच्या केंद्रात पडून राहायचा. तिथे सांभाळणारे होते, उभं करणारं कुणी नव्हतं.

माझी भागीदार फिजिओथेरपिस्ट. तिच्यापाशी भांडवल नव्हतं, पण टिल्ट टेबल होतं, म्हणजे आडव्या रुग्णाला हळूहळू उभं करणारं टेबल. पट्टे बांधून, रक्तदाब बघत, हळूहळू अंश वाढवत जायचं. आडवा असताना गुंगीत राहणारा रुग्ण उभा केल्यावर डोळे उघडतो, हे आम्ही त्याच टेबलावर पाहिलं. ते अजून रोज वापरात आहे. घोट्याचे स्प्लिंटही (पाऊल सरळ धरून ठेवणारे आधार) ती स्वतः बेतायची. पाऊल एकदा खाली वळून आखडलं की टाच टेकवणं महाकठीण.

मग जवळच एक केंद्र निघालं. ‘तीन महिन्यांत चालवून दाखवतो’ असा त्यांचा शब्द. आम्ही घडवलेले अटेंडंट जास्त पगार देऊन नेले, पाठोपाठ रुग्णही गेले. उरलेल्यांची दर २ तासांनी कूस बदलायची, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) साफ ठेवायची, आणि रात्रपाळीला माणसंच नाहीत. भागीदार आणि मी वॉर्डातच राहायचो. बँकेचे हप्ते थकले. नेलेल्यांपैकी काहीजण परत आले ते माकडहाडावर खोल बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून झालेल्या जखमा, घेऊन. तो राग अजून आहे आणि राहील.

तेव्हा एका आईने फी आगाऊ भरली, त्यातून पगार झाले. तिच्या मुलाच्या फ्रंटल लोबला (मेंदूच्या पुढच्या भागाला) मार होता. चालायचा, बोलायचा, म्हणून नातेवाइकांना तो बरा झालेलाच वाटायचा. पण सांगितल्याशिवाय आंघोळीला उठायचा नाही, आणि क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर धावायचा. ग्लासगो कोमा स्केलवर (रुग्ण किती शुद्धीत आहे ते मोजणारी पट्टी) १५ पैकी १५ गुण म्हणजे माणूस पूर्वीसारखा झाला असं नाही, हे तिला कुणी समजावावं लागलं नाही.

केंद्र शोधत असाल तर रात्री, न कळवता जा. ट्यूबने फीड चालू असताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे का बघा. कूस बदलल्याची नोंदवही मागा. सगळ्या वेळा एकाच शाईत, एका बैठकीत भरलेल्या दिसल्या तर तिथे पेशंट ठेवू नका.