आमची वाटचाल: लेटरपॅडपासून रेफरलपर्यंत

आमचा मूळ धंदा प्रिंटिंगचा. पांढरकवड्यात डॉक्टर लोकांचे लेटरपॅड, केसपेपर, फाइली छापून द्यायचो, त्यामुळे आजूबाजूच्या बहुतेक दवाखान्यात आपलं येणंजाणं. मग भाच्याने पॅथॉलॉजी लॅबवाल्यांसाठी रिपोर्टचं छोटं सॉफ्टवेअर बनवलं, ते चाललं, अन् त्यातूनच हे रेफरलचं, म्हणजे पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवताना त्याची माहिती फोनवरून पुढच्या डॉक्टरला पोचवायचं काम निघालं.

इकडे पेशंट रेफर करणं म्हणजे डॉक्टर चार ओळी खरडणार, नातेवाईक चिठ्ठीची घडी करून खिशात घालणार अन् गाडी निघणार, यवतमाळ नाहीतर सेवाग्राम नाहीतर सरळ नागपूर. २०१७ साली फवारणीच्या दिवसांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अशा पेशंटने कोणतं औषध फवारलं, अॅट्रोपिन (विषावरचं इंजेक्शन) किती दिलं अन् किती वाजता दिलं हे पुढच्या डॉक्टरला आल्या आल्या पाहिजे असते, आणि चिठ्ठीवर काय तर 'पॉयझनिंग, रेफर्ड टू हायर सेंटर'. बस. साप चावलेल्याचंही तेच, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, किती व्हायल गेल्या हे नातेवाईकाला विचारतात, तो बिचारा काय सांगणार. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये लांबलचक हिस्ट्री नाही, डोस, वेळ अन् औषधाच्या बाटलीचा फोटो एवढंच आधी येते. रेंज नसली तर फॉर्म फोनमध्येच थांबतो, रेंज आली की आपोआप जातो.

तरी डॉक्टर लोक म्हणायचे, व्हॉट्सअॅप आहे ना भाऊ, फुकटात. खोटं नाही ते, फक्त गुड मॉर्निंगच्या फुलांखाली कोणाचा ईसीजी दबला हे शोधत बसा. पण त्यांना खरं पाहिजे होतं ते वेगळंच होतं. घाटंजीकडचे एक जुने डॉक्टर बोलले, "म्या इतके पेशंट पाठोले, त्याईचं पुढं काय झालं ते बाजारात त्याचा भाऊ भेटला तवाच समजते." तिथून आम्ही सगळा जोर उलट निरोपावर लावला. पेशंट पोचला की मेसेज, निदान झालं की मेसेज, अन् सुट्टी झाली की डिस्चार्ज कार्डचा फोटो, म्हणजे गोळ्या कोणत्या चालू ठेवायच्या ते गावातल्या डॉक्टरला कळते. हे मोठ्या हॉस्पिटलचा स्पेशालिस्ट करत नाही, त्याला वेळ नाही, हे करते रिसेप्शनवरची ताई, म्हणून आम्ही ट्रेनिंग तिलाच देतो. जिथं ताई टिकली तिथं सिस्टिम टिकली. सरकारी कॉलेजात अवघड जाते, इंटर्नची पोस्टिंग बदलली की पुन्हा पहिल्यापासून शिकवा.

आता कटचं, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनचं बोलतो, लोक उघड बोलत नाहीत म्हणून. काहींनी विचारलं की महिन्याच्या शेवटी कोणी किती पेशंट पाठवले त्याचा हिशोब निघेल का. कशाला पाहिजे ते काय आम्हाला समजत नाही का. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच रेफरलचं कमिशन घ्यायला अन् द्यायला मनाई आहे, २०१७ ला राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही काढला होता. तो रिपोर्ट आम्ही दिला नाही, काही गिऱ्हाईकं त्याच्यापायी गेली, जाऊ द्या. आमची फी महिन्याची ठरलेली, पेशंट पाच गेले काय अन् पन्नास गेले काय.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून जीपीने, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरने, कागदावर रेफर केलेल्या पेशंटच्या पहिल्या ओपीडीचे पैसेच हॉस्पिटलला मिळत नाहीत, सगळं ऑनलाइन. तिकडे सरकारच एवढं मोठं गिऱ्हाईक, हुकूम चालतो. आपल्याकडे खासगी दवाखान्याला कोण हुकूम देणार, त्याला फायदा दिसला तरच तो फोन उघडतो.

सध्या आभाचा, म्हणजे सरकारी हेल्थ खात्याचा, १४ अंकी नंबर जोडायचं काम चालू आहे. भाचा म्हणतो दिवाळीपर्यंत होते, म्या म्हटलं कोणती दिवाळी ते लिहून दे.